हळदीच्या डब्याला हात न लावता: दावावची लसूण-लोण्यातली कोळंबी

आमच्या रत्नागिरीच्या घरात कोळंबी आली की ओट्यावर आधी हळदीचा डबा येतो, मग मसाल्याची बरणी, मग आगळाची बाटली. आई तर कोळंबी धुतल्याधुतल्या हळद-मीठ चोळून ठेवते, पुढे तिचं कालवण व्हायचं असो की भात. आज जो पदार्थ सांगते आहे, त्याला या तिन्हींपैकी काहीच लागत नाही. फिलिपिन्समध्ये याला हालाबोस ना हिपोन म्हणतात. यात अवघड काय असेल तर हात आवरणं आणि वेळेवर गॅस बंद करणं, एवढंच. कोळंबी साफ करायला पंधरा मिनिटं, कढईवर पंधराच्या आत. पाहुणे दारात उभे असतानाही होतो.

मी वैद्यकीय शिक्षणासाठी साडेपाच वर्षं दावावला होते. फिलिपिन्सच्या मिंदानाव बेटाच्या आग्नेय भागात दावाव आखाताच्या काठी हे शहर आहे आणि स्वच्छ सकाळी घराच्या गच्चीतून आपो पर्वत दिसायचा. आपल्याकडची बरीच मुलं तिथे शिकायला जातात. पहिलं वर्ष मेसच्या डाळ-भातावर काढलं. दुसऱ्या वर्षी आम्ही तिघी मैत्रिणी एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. खाली घरमालकीण राहायची. सगळी गल्ली तिला नानाय म्हणायची, म्हणजे आई. आम्हीही तेच म्हणू लागलो. ती मला इंदाय म्हणायची. बिसाया बोलणाऱ्या घरांत मुलीला अशी हाक मारतात, आपल्या कोकणात ‘बाय’ म्हणतात तशीच.

शनिवारी पहाटे नानाय बांकेरोहानच्या बाजारात जायची. दावावचा तो सगळ्यात मोठा बाजार, नदीच्या जवळ. एकदा मी तिच्याबरोबर गेले आणि मासळीच्या ओळीत शिरल्यावर मला मिरकरवाड्याच्या बंदरावर उभं असल्यासारखं वाटलं. तोच ओला वास, तीच पायाखालची खारी चिखलवट, तसाच भावावरून चाललेला आवाज. फरक एवढाच, की लोक कोळंबी डोक्यासकट घेत होते आणि कोणी ती सोलून मागत नव्हतं. हिपोन, म्हणजे कोळंबी, हा तागालोग भाषेतला शब्द. दावावच्या बाजारात बिसाया चालते, तिथे साध्या कोळंबीला पासायान म्हणतात आणि मोठ्या टायगर कोळंबीला लुकोन. नानायने मूठभर पासायान उचलून नाकाशी नेली, एकीचं डोकं अंगठ्याने हलवून पाहिलं, आणि दुसऱ्या टोपलीकडे वळली. ती असं का करत होती ते पुढे सांगते, कारण या पदार्थाचं निम्मं काम तिथेच होतं.

मूळ हालाबोस फार साधा आहे. अगदी ताजी कोळंबी सालासकट कढईत टाकायची, मीठ आणि दोन-चार चमचे पाणी घालायचं, झाकण ठेवायचं. कोळंबीला स्वतःचं पाणी सुटतं, त्यातच ती शिजते आणि पाणी आटून तिलाच चिकटतं. झालं. मागाहून त्यात लसूण आणि लोणी आलं, आणि पाण्याच्या जागी लिंबाच्या चवीचा सोडा आला, स्प्राइट किंवा सेव्हन अप. आज तिथल्या बहुतेक घरांत हाच प्रकार होतो. सोडा ऐकून आईने कपाळाला हात लावला होता. पण तो आटल्यावर त्याचा साखर आणि आंबटपणा असलेला पातळसर पाक होतो, लोण्याबरोबर कोळंबीच्या सालावर चढतो, आणि बोटं चाटत साल सोलताना ती चव तोंडात येते. पेयाची चव कुठेही लागत नाही.

कोळंबी कशी घ्यायची

अर्धा किलो घ्या, तिघांना पुरते. किलोला ३० ते ४० बसतील अशा आकाराची, म्हणजे अर्ध्या किलोत पंधरा ते वीस. याहून लहान घेतली तर साल सोलण्यातच जेवण संपतं. करंदी तर इथे अजिबात नको. फार मोठी टायगर घेतली तर बाहेरून लसूण करपतो आणि आतून ती कच्ची राहते.

डोकं असलेलीच मागा. आपल्याकडे कोळीण विचारते, “साफ करून देऊ काय?” आपण सवयीने हो म्हणतो आणि डोकी तिच्याकडेच राहतात. या पदार्थात डोकं काढलं तर अर्धी चव गेली. डोक्यात जो नारिंगी मऊ गर असतो, त्याला तिथे कोळंबीची चरबी म्हणून मान आहे. कढईत तो थोडा फुटून लोण्यात मिसळतो आणि लोण्याचा रंगच बदलतो.

पण डोकं ठेवायचं तर कोळंबी खरोखर ताजी हवी. तिची पचनाची ग्रंथी डोक्यातच असते. कोळंबी मेल्यावर तिथले पाचकरस बाहेर येऊन शेजारचं मांस मऊ करायला लागतात. म्हणून शिळ्या कोळंबीची मान आधी ढिली पडते. नानाय अंगठ्याने डोकं हलवून पाहत होती ते यासाठी. डोकं घट्ट हवं, साल अंगाला चिकटलेली आणि चकचकीत हवी, वास समुद्राच्या पाण्याचा हवा. डोक्याच्या आणि पायांच्या कडा काळ्या पडल्या असतील तर तिला पकडून बराच वेळ झाला आहे. अमोनियासारखा उग्र वास आला तर भाव कितीही पडलेला असो, पुढे चला.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात बहुतेक शेततळ्यांतली वेनामी मिळते. तीही चालते, चव जरा सौम्य असते एवढंच. गोठवलेली असेल तर रात्रीच फ्रीजच्या खालच्या खणात चाळणीत काढून ठेवा, चाळणीखाली भांडं ठेवा. बाहेर ओट्यावर किंवा गरम पाण्यात ती सोडवू नका. गोठवलेल्या कोळंबीला पाणी जास्त सुटतं, म्हणून कढईत जाण्याआधी फडक्याने एकेक टिपून कोरडी करणं तिच्या बाबतीत फार गरजेचं आहे. तिची डोकी ढिली असतील तर काढून टाका आणि फक्त साल ठेवा. पदार्थ होईल, गर मिळणार नाही.

साल ठेवून साफ करणं

एक धारदार कात्री घ्या. कोळंबीच्या कपाळावर पुढे आलेली दातेरी करवत असते, ती डोळ्यांच्या जरा पुढे कापा, नाहीतर खाताना टाळूला लागते. लांब मिशा कापा, पाय कापा. मग पाठीवरून, डोकं संपतं तिथून शेपटीच्या जरा अलीकडपर्यंत, साल कात्रीने उभी चिरा. कात्रीचं टोक सालीखाली जेमतेम जाईल असं धरा, मांसात खोल जाऊ देऊ नका. काळा दोरा वरच दिसेल, तो दातकोरणीच्या टोकाने उचलून ओढा. साल आता पाठीवर उघडी आहे पण अंगावरच आहे. त्यामुळे लसूण-लोणी आत शिरतं आणि खाताना ती एका झटक्यात निघते.

घाई असेल तर चिरू नका. कोळंबी बोटांत वाकवा, पाठीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पेराच्या मधे दातकोरणी आडवी घाला आणि दोरा वर उचला. बहुतेक वेळा अख्खा निघतो.

एकदाच, भराभर, थंड पाण्यातून काढा. पाण्यात बुडवून ठेवू नका. मग ताटात फडकं अंथरून त्यावर पसरा, वरून दुसरं फडकं दाबा. कोरडी झाल्यावर अर्धा चमचा मीठ लावून ठेवा. हळद नाही. मला ठाऊक आहे हात तिकडे जाणार. पहिल्या वेळी माझाही गेला होता आणि नानायने शांतपणे डबी माझ्या हातातून काढून घेतली होती. कोळंबीचा वास मारायला हळद लावतात, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, वास येत असेल तर ती विकतच का घ्यायची. त्यावर मला बोलायला काही राहिलं नाही.

लागणारं बाकी सगळं

लसूण भरपूर. आपल्या गावठी लसणाच्या वीस-बावीस पाकळ्या, मोठा लसूण असेल तर दहा-बारा. लसूण ठेचायचा नाही आणि पेस्ट तर मुळीच नको. सुरीने बारीक चिरायचा, सगळे तुकडे साधारण सारखे, म्हणजे काही करपले आणि काही कच्चे असं होत नाही. एक मोठा चमचा तेल, दोन मोठे चमचे लोणी. तिथल्या बऱ्याच घरांत लोण्याऐवजी मार्गारीन वापरतात, पण मला घरचं किंवा पाकिटातलं पिवळं लोणीच आवडतं. पाकिटातलं खारं असतं, मग कोळंबीला मीठ हात राखून लावा. स्प्राइट किंवा तसाच लिंबाचा सोडा पाऊण कप, साधारण १५० मिली. साखर नसलेला डाएट प्रकार घेऊ नका, तो आटवला तरी पाक होत नाही. मिरी अर्धा चमचा, जाडसर कुटलेली. एक-दोन तिखट मिरच्या, तिथे बोटाएवढीही नसलेली, फार जहाल सिलिंग लाबुयो वापरतात, आपल्याकडे लवंगी चालेल. घरात ऑयस्टर सॉस असेल तर एक चमचा. नसेल तर मुद्दाम आणू नका, मी निम्म्या वेळा घालत नाही.

शेवटी कालामान्सी. हे लहान गोट्यांएवढं लिंबू, बाहेरून हिरवं, आतून नारिंगी, चवीला लिंबू आणि संत्र्याच्या मधलं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. मी अर्ध्या लिंबाच्या रसात एक चमचा संत्र्याचा रस मिसळते. आंबटपणाची धार कमी होते आणि दावावच्या जवळपास पोचतं.

कढईसमोर

कढई पसरट हवी. खोल, अरुंद कढईत कोळंबी एकावर एक चढते आणि तळायच्याऐवजी उकडते. लोखंडी तवा-कढई असेल तर उत्तम.

तेल आणि लसूण दोन्ही थंड कढईत एकदमच घाला, मग गॅस मंद पेटवा. तेल हळूहळू तापतं तसा लसूण आतपर्यंत शिजतो. आधी तो पांढरा, मग काठ पारदर्शक, मग गवताच्या वाळलेल्या काडीसारखा फिका पिवळा होतो. या ठिकाणी गॅस बंद करा. पूर्ण सोनेरी व्हायची वाट पाहिलीत तर उशीर झाला, कारण गरम तेलात तो बाहेर काढतानाही शिजत राहतो, आणि करपलेल्या लसणाचा कडवटपणा नंतर कशानेही झाकत नाही. अर्धा लसूण झाऱ्याने वाटीत काढून बाजूला ठेवा, तो शेवटी वरून घालायचा आहे. उरलेला अर्धा एका बशीत काढा. तेल कढईतच राहू द्या, आता ते लसणाचं तेल झालं आहे.

आता गॅस मोठा. तेल चांगलं तापलं की कोळंबी एकेक करून एका थरात लावा. सगळी मावत नसेल तर दोनदा करा, यात आळस करू नका. कढईत टाकताच चर्र आवाज यायला हवा आणि तो टिकायला हवा. आवाज मंदावून फसफस झाली तर पाणी सुटलं आहे, म्हणजे एक तर कढई तापली नव्हती किंवा कोळंबी ओली होती किंवा दाटी झाली. एक मिनिट हलवू नका. सालीला खालून भाजल्याचे ठिपके येतात आणि एक वास सुटतो, भाजलेल्या सोड्यांच्या, म्हणजे सुक्या कोळंबीच्या, जवळचा पण ताजा. मग उलटा, आणखी पाऊण मिनिट.

बशीतला लसूण परत घाला, मिरच्या मधून चिरून घाला आणि सोडा ओता. जोरात फेस येईल, घाबरू नका. झाकण ठेवू नका. आता डोळे कढईवरून हलवू नका, कारण इथून पुढचं एक-दीड मिनिट सगळं ठरवतं.

नानाय या वेळी झारा हातात घेऊन उभी असायची. मी सराईतासारखी ढवळायला गेले की म्हणायची, “आयाव सा”, म्हणजे थांब अजून. मी बघत राहायचे. कोळंबी आधी सरळ असते, मग पोटाकडे वळायला लागते. पाठीच्या चिरेत जो काचेसारखा धुरकट भाग दिसतो, तो डोक्याच्या बाजूने पांढरा होत शेपटीकडे जातो. अंग इंग्रजी सी अक्षराएवढं वळलं आणि चिरेतला शेवटचा काचेसारखा ठिपका जायला आला की ती “लुतो ना” म्हणायची, शिजली, आणि झाऱ्याने एका दमात सगळी कोळंबी ताटात काढायची. सोडा आणि लसूण कढईतच. शेपूट डोक्याला टेकून पूर्ण गोल झाली, की ती कोळंबी रबर झाली असं समजा. तिला परत आणता येत नाही.

कोळंबी बाहेर काढण्याची ही पायरी अनेक जण गाळतात. सोडा आटेपर्यंत कोळंबी कढईतच राहू देतात. रत्नागिरीला परत आल्यावर मी घरच्यांसाठी पहिल्यांदा केली तेव्हा नेमकं हेच केलं. एक किलो कोळंबी एकाच कढईत, आपला घरगुती शेगडीचा लहान बर्नर, आणि सगळे टेबलाशी बसलेले. पाणी सुटत राहिलं, सोडा आटेना, मी वाट पाहत राहिले. पाच-सहा मिनिटांनी पाक झाला तेव्हा कोळंबी आकसून निम्मी झाली होती. बाबांनी सगळी खाल्ली, काही बोलले नाहीत. त्या रात्री मला आठवलं, की नानायकडे गॅसची ज्योत कढईच्या कडेपर्यंत यायची आणि तरीही ती कोळंबी बाहेर काढायचीच. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा केली, अर्धा-अर्धा किलो दोनदा, झाऱ्याने काढून. बाबांनी ताट पुढे केलं आणि आणखी मागितली.

तर कोळंबी ताटात. कढईतला सोडा मोठ्या गॅसवर उकळू द्या. मोठे पातळ बुडबुडे लहान आणि चिकट दिसू लागतात, उलथनं ओढलं की कढईचा तळ क्षणभर दिसतो. तीन-चार मिनिटं लागतात. ऑयस्टर सॉस घालायचा तर आता. ताटात कोळंबीचं जे पाणी साचलं असेल ते याच पाकात ओता, टाकू नका, त्यात डोक्यांचा गर आहे. पुन्हा अर्धा मिनिट आटवा. मग गॅस अगदी मंद करून लोणी घाला. लोणी पूर्ण विरघळायच्या आत कोळंबी परत कढईत, मिरी वरून, आणि कढईच उचलून तीन-चार वेळा उडवा. सगळी कोळंबी चकचकली की गॅस बंद. हे सगळं अर्ध्या मिनिटात. वरून लिंबाचा रस आणि बाजूला ठेवलेला कुरकुरीत लसूण.

तो केशरी रंग कुठून येतो असं माझ्या भाचीने विचारलं होतं. रंग कोळंबीत आधीपासून असतो. अ‍ॅस्टाझँथिन नावाचं ते नारिंगी रंगद्रव्य कच्च्या कोळंबीत एका प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून ती राखाडी-निळसर दिसते. उष्णतेने प्रथिनाची ती बांधणी सुटते आणि रंग मोकळा होतो. पण एक लक्षात ठेवा, साल आधी रंगते आणि मांस नंतर शिजतं. म्हणून रंग बघून गॅस बंद करू नका, पाठीची चीर बघा.

बुडवायला

तिथे ताटाशेजारी एक लहान वाटी असतेच. सावसावान म्हणतात, बुडवून खायचं ते. यातलं सुका, म्हणजे व्हिनेगर, नानाय माडाच्या ताडीचं वापरायची. तिथे ताडीला तुबा म्हणतात आणि ती आंबवून व्हिनेगर करतात. गोव्यात सुरेचं व्हिनेगर होतं, तेच हे. पणजीला किंवा म्हापशाला गेलात की बाजारातून एक बाटली आणून ठेवा. पांढऱ्या कृत्रिम व्हिनेगरने इथे नुसतं दात आंबतात.

चार चमचे व्हिनेगर, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या, एक चिरलेली मिरची, चिमूट मीठ, चिमूट साखर, वाटल्यास अर्धा लहान कांदा बारीक चिरून. कोळंबी साफ करायला घ्याल तेव्हाच हे कालवून ठेवा, जेवणापर्यंत मुरतं. मिरची दोन्ही किनाऱ्यांना समुद्रावरूनच आली. फिलिपिन्सला मेक्सिकोच्या आकापुल्कोहून मनिलाला जाणारी स्पॅनिश गलबतं १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं चालली, त्या वाटेने. आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर. दावावच्या त्या स्वयंपाकघरात माड, ताडी, चिंच, शेवगा, बिंबलं सगळं ओळखीचं होतं. बिंबलांना ते कामियास म्हणतात आणि माशाच्या आंबट रश्शात घालतात, आपण कोळंबीच्या आमटीत घालतो तशीच.

भात मऊ, किंचित चिकट हवा. इंद्रायणी छान. उकड्या तांदळाचा भात मला फार आवडतो, पण या पाकाबरोबर तो जमत नाही, दाणे सुटे राहतात आणि पाक ताटात वाहतो. भाताला मीठ घालू नका. तिथे एरवी चमचा-काट्याने जेवतात, कोळंबीला मात्र सगळे हात वापरतात. डोकं पिळून आतला गर भातावर घ्यायचा, तो भात आधी खायचा, मग कोळंबी. नानायची नातवंडं डोक्यांवरून भांडायची आणि ती सगळ्यांच्या ताटात मोजून टाकायची.

हे शिकताना डॉक्टर होत होते, म्हणून हेही सांगते. कोळंबीची अ‍ॅलर्जी पुष्कळांना असते आणि ती मोठेपणीही सुरू होऊ शकते. आधी कधी कोळंबी-खेकड्याने ओठ सुजले असतील, अंगावर गांधी उठल्या असतील, तर थोडीशी खाऊन बघू असं करू नका. मधुमेह असेल तर सोड्याचा पाक टाळा आणि मूळ हालाबोस करा, नुसत्या मीठ-पाण्याचा. तोही सुंदर लागतो.

सोडा घरात नकोच असेल तर पाऊण कप पाण्यात दोन चमचे साखर आणि एका लिंबाचा रस घाला. मी एकदा शहाळ्याचं पाणी घालून पाहिलं, एक चमचा साखर आणि लिंबू त्यात. आईला हाच प्रकार सगळ्यात आवडतो आणि हल्ली ती स्वतः करते. हळद न घालता.

हीच कोळंबी नारळाच्या दुधात करायची असेल तर तिथे गिनाताआन करतात. लाल भोपळ्याच्या फोडी आणि चवळीच्या शेंगा नारळाच्या पातळ दुधात शिजवा, सोबत कांदा, लसूण, आलं आणि दोन मिरच्या. भोपळा मऊ झाला की पहिलं जाड दूध घाला, मंद उकळी आली की कोळंबी, आणि शेवटी मूठभर शेवग्याचा पाला. तीन मिनिटं. इथेही मसाला नाही. जाड दूध घातल्यावर खळखळ उकळू दिलंत तर ते फाटेल, हे आपल्याला सांगायला नको.

कढईत जे उरतं, ते धुवू नका. लसणाचे तुकडे आणि लोण्याचा पाक तळाला असतो. तो वाटीत खरवडून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी त्याच कढईत तो गरम करून रात्रीचा उरलेला भात मोकळा करून परता, हवा तर आणखी थोडा चिरलेला लसूण, आणि वर काठ कुरकुरीत झालेलं, बलक पातळ ठेवून तळलेलं अंडं. तिथे लसणाच्या परतलेल्या भाताला सिनांगाग म्हणतात आणि तो न्याहारीला असतो. परीक्षेच्या दिवशी सकाळी नानाय जिन्यावरून वर हाक मारायची, “इंदाय, काओन ना”, ये जेवायला, आणि खाली टेबलावर ही ताटली झाकून ठेवलेली असायची.